कोंबडीचा ओवा आणि अंड्याचा हिशेब

ओव्याचा वास मराठी घराला परका नाही. तान्ह्या मुलाचे पोट फुगले की ओव्याच्या पुरचुंडीने शेकावे, बाळंतिणीला ओवा आणि बाळंतशोपा चघळावयास द्याव्यात, जड जेवण झाले की चिमूटभर ओवा मिठाबरोबर तोंडात टाकावा, हे शहाणपण आजीबाईच्या बटव्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता हाच ओवा कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरू पाहत आहे. ओवा, लवंग, दालचिनी, पुदिना, ओरेगॅनो अशा वनस्पतींची सुगंधी तेले अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळली, तर पचन सुधारते, आतड्यातील रोगजंतूंना आळा बसतो, अंडी वाढतात, कवच बळकट होते आणि मुख्य म्हणजे प्रतिजैविके द्यावी लागत नाहीत, असे सांगणारे विक्रेते पोल्ट्रीच्या दारी दिसू लागले आहेत. बाटलीचे बूच उघडताच जो ओळखीचा वास दरवळतो, तो अर्धे काम करून जातो. ज्या औषधाने आपले पोट थांबले, ते कोंबडीला का लागू पडू नये?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. आमच्या परंपरेतील ज्ञानाची महती पाश्चात्त्यांना आता पटू लागली, असे म्हणून एक पक्ष समाधान मानतो. हे सारे वासाचे दुकान आहे, असे म्हणून दुसरा पक्ष हात झटकतो. दोन्ही उत्तरांत विचाराचा त्रास वाचतो, पण कुक्कुटपालकाच्या पदरात काही पडत नाही. वस्तुतः हा प्रश्न जितका रसायनशास्त्राचा आहे तितकाच अर्थशास्त्राचा आहे. तेल उपयोगी आहे की नाही याच्या जोडीला, ते उपयोगी ठरले हे कळणार कोणाला, आणि त्याचे मोल कोणी मोजावयाचे, हेही विचारावे लागते. देशातील सर्वांत स्वस्त प्राणिज प्रथिन हे अंडे आहे, आणि माणसाला जगवणाऱ्या औषधांचे सामर्थ्य दिवसेंदिवस क्षीण होत आहे. या दोन गोष्टी पणाला लागलेल्या असताना हा प्रश्न विक्रेत्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या घासाघिशीवर सोडून देता येत नाही.

खाद्यातील औषध

प्रतिजैविके कोंबडीच्या खाद्यात आली ती रोग बरा करण्यासाठी नव्हे. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेतील लेडरली प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड हे शास्त्रज्ञ बी-१२ या जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे औषध बनवताना उरणारा चोथा त्यांनी पिलांना खाऊ घातला, आणि बी-१२ मुळे जेवढी वाढ व्हावी त्याहून पिले अधिक वाढली. चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाचा तो प्रताप होता. रोग नसतानाही औषधाची अल्प मात्रा रोज दिली की थोड्या खाद्यात अधिक वाढ मिळते, हे कळल्यावर व्यापाराला आणखी काय हवे होते? पाहता पाहता ही चाल जगभर रूढ झाली.

तिची किंमत पुढे कळली. अल्प मात्रेने दुबळे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात. हे जंतू विष्ठेबरोबर शेतात जातात, पाण्यात मिसळतात, मजुरांच्या हाताला लागून घरी येतात, आणि प्रतिकाराचा आपला गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. माणसाच्या उपचारात लागणारी औषधे जनावरांची वाढ व्हावी म्हणून वापरू नयेत, अशी शिफारस ब्रिटनमधील स्वान समितीने १९६९ सालीच केली होती. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांवर बंदी घातली. संपूर्ण युरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून आली. अमेरिकेने माणसाच्या दृष्टीने महत्त्वाच्या औषधांपुरता हा वापर २०१७ मध्ये थांबवला, चीनने २०२० मध्ये वाढीसाठी दिली जाणारी प्रतिजैविके खाद्यातून काढली. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध खाद्यजन्य प्राण्यांना देण्यास मनाई केली. अन्य औषधे हरल्यानंतर अतिदक्षता विभागातील डॉक्टर ज्या औषधाकडे वळतात ते हेच कोलिस्टिन. ते आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास मिसळले जात होते, ही गोष्ट ज्याला अस्वस्थ करीत नाही, त्याने कधी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढलेली नसावी.

अंडी देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मांसासाठी वाढवलेला ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत विक्रीस जातो. त्याला औषध दिलेच तर विक्रीपूर्वी काही दिवस ते बंद करून अंगातील अंश निघून जाऊ देता येतो. अंड्याच्या कोंबडीला अशी सुटी नाही. अठरा-वीस आठवड्यांची झाली की ती अंडी देऊ लागते आणि पुढे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज एक अंडे देते. पिवळा बलक भरावयास सुमारे दहा दिवस लागतात. या काळात पोटात गेलेल्या औषधाचा अंश त्या बलकात उतरू शकतो. औषध दिलेल्या दिवसांतील आणि पुढील काही दिवसांतील अंडी फेकून द्यावीत, हे नियमाच्या पुस्तकात ठीक आहे. पण दहा हजार कोंबड्यांची रोजची नऊ हजार अंडी उकिरड्यावर टाकणारा कुक्कुटपालक कोठे शोधावयाचा? म्हणूनच, ज्याचा अंश राहिला तरी धोका नाही, असा पर्याय अंड्याच्या धंद्यास ब्रॉयलरच्या धंद्याहून अधिक हवासा वाटावा, यात नवल नाही.

तेलाचे गुण आणि मर्यादा

हा पर्याय निराधार नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ओव्याच्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग थायमॉल या द्रव्याचा असतो. अमृतधारेत जे ओव्याचे फूल पडते ते हेच. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा जर्मनीस जाई आणि तेथील कारखाने त्यातून थायमॉल काढीत. अंकुशकृमीवरचे ते त्या काळचे प्रमुख औषध होते. ओरेगॅनोच्या तेलात थायमॉलचे भावंड असलेले कार्व्हॅक्रॉल असते, लवंगेच्या तेलात युजेनॉल, दालचिनीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड. ही द्रव्ये जंतूच्या पेशीभोवतीच्या स्निग्ध आवरणात शिरतात, ते सैल करतात आणि आतील ऐवज पाझरून जंतू मरतो. परीक्षानळीत हा परिणाम स्पष्ट दिसतो. या द्रव्यांच्या अंगी ऑक्सिडीकरण रोखण्याचाही गुण आहे. ओरेगॅनोसारखी तेले दिलेल्या कोंबड्यांच्या अंड्यातील बलक साठवणीत उशिरा खवटतो, असे काही प्रयोगांत आढळले आहे.

परंतु कोंबडीचे पोट म्हणजे परीक्षानळी नव्हे. तेल मोकळे दिले तर त्यातील बराच भाग आतड्याच्या वरच्या टप्प्यातच शोषला जातो आणि जेथे जंतूंची वस्ती दाट, तेथवर पोचतच नाही. म्हणून त्याला मेदाचे अस्तर देऊन बारीक कणांच्या रूपात विकण्याची पद्धत निघाली, आणि साहजिकच किंमत वाढली. तेल हे उडून जाणारे द्रव्य आहे. एप्रिल-मेमधील पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या पोत्यात ते किती उरेल, याचा विचार बाटलीवरच्या चिठ्ठीत नसतो. मात्रा वाढवली तर उग्र वासाने कोंबडी खाद्यच कमी खाते. शिवाय वनस्पतीची जात, जमीन, हंगाम आणि काढणीचा काळ यांनुसार तेलातील घटकांचे प्रमाण बदलते. एका घाण्याच्या तेलाचा अनुभव दुसऱ्या घाण्याच्या तेलास लागू पडेलच असे नाही. आणखी एक गंमत अशी की, बाजारातील पुष्कळसे थायमॉल ओव्यातून येत नाही. ते क्रेसॉलपासून कारखान्यात बनते. रसायन या नात्याने दोहोंत भेद नाही, पण ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी जो अधिक पैसे मोजतो, त्याने निदान काय विकत घेतले हे त्याला ठाऊक असावे.

म्हणूनच अंड्याच्या कोंबड्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. काही प्रयोगांत खाद्याचा उपयोग थोडा सुधारलेला दिसतो, काहींत अंड्यांची संख्या किंचित वाढते, काहींत काहीच फरक पडत नाही. स्वच्छ शेड, मोकळी हवा, वेळेवर लसीकरण आणि चांगले खाद्य असलेल्या कोंबड्यांत फरक कमी दिसावा, हे तर्काला धरूनच आहे. ज्याचे पोट बिघडलेले नाही त्याला ओव्याने काय गुण येणार? आणि विषाणूपुढे ओवा चालत नाही, प्रतिजैविकही चालत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आला तेव्हा पक्षी मारून पुरण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. तेलाला जे गुण आहेत ते मान्य करून त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा न ठेवणे, एवढेच शहाणपण येथे हवे.

दहा हजार पक्ष्यांचे गणित

आता हा प्रश्न कुक्कुटपालकाच्या वहीत मांडून पाहू. आपल्याकडे ब्रॉयलरचा धंदा बव्हंशी कंपन्यांच्या कराराने चालतो. पिले, खाद्य, औषधे कंपनी देते आणि शेतकरी मजुरीवर वाढवतो. अंड्याच्या धंद्याचे तसे नाही. तेथे कोंबड्या बहुधा मालकाच्या असतात. मका भरडणे, त्यात सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा आणि प्रिमिक्स मिसळणे हे काम पुष्कळ ठिकाणी शेडशेजारीच होते. खाद्यात काय घालावयाचे हा निर्णय तोच घेतो आणि चूक झाली तर भोगतोही तोच.

अशा दहा हजार पक्ष्यांच्या मालकाचा हिशेब सोयीसाठी गोळा आकड्यांत मांडता येईल. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे दहा हजार पक्ष्यांना रोज ११०० किलो. खाद्याचा भाव किलोला ३० रुपये धरला तर रोजचा खाद्यखर्च ३३ हजार रुपये होतो. नव्वद टक्के अंडी पडत आहेत असे समजले तर रोजची अंडी ९०००. अंड्याला ५ रुपये मिळाले तर उत्पन्न ४५ हजार. उरलेल्या १२ हजारांत पिलापासून कोंबडी तयार करण्याचा खर्च, मजुरी, वीज, लस, कर्जाचे व्याज आणि मालकाचे पोट. अंड्याचा भाव अर्ध्या रुपयाने घसरला की यांतील साडेचार हजार त्याच दिवशी नाहीसे होतात. श्रावण आला की ही घसरण ठरलेली, आणि तिला कोंबडीच्या पोटातील कोणतेही तेल अडवू शकत नाही.

या हिशेबात तेलाने टनाला ३०० रुपयांची भर घातली, म्हणजे खाद्याचा खर्च अवघा एक टक्का वाढला, असे समजू. रोजचे ३३० रुपये, वर्षाचे सुमारे १ लाख २० हजार. हा खर्च भरून निघण्यास रोज ६६ अंडी अधिक पडली पाहिजेत, म्हणजे नव्वद टक्क्यांचे सुमारे ९०.६६ टक्के झाले पाहिजेत. एवढी वाढ होणे अशक्य नाही. चांगले तेल, योग्य मात्रेत, गरज असलेल्या कोंबड्यांना दिले तर ती होऊही शकेल. पण खरी मेख पुढेच आहे. ही वाढ त्या मालकाला दिसणार कशी?

नऊ हजार अंड्यांत रोज शे-दीडशेचा चढउतार सहज होतो. दुपारी वीज गेली आणि पंखे थांबले, मक्याचे एक पोते बुरशीचे निघाले, पहाटे दिवे उशिरा लागले, एवढेही कारण पुरते. कोंबडी वयाने वाढते तसे अंड्यांचे प्रमाण आपोआप उतरते, उन्हाळ्यात घटते, पावसाची पहिली सर आली की पुन्हा सुधारते. विक्रेता मेमध्ये तेल देऊन गेला आणि जूनअखेरीस अंडी वाढली, तर श्रेय तेलाला जाणार. मृगाच्या पावसाला कोणी विचारणार नाही. तेच तेल सत्तर आठवड्यांच्या उतरत्या कोंबड्यांना सुरू केले, तर अंडी घटली म्हणून दोष त्याला येणार. सहासष्ट अंड्यांचा फरक शेडच्या दारात उभे राहून डोळ्यांनी पारखता येत नाही. त्यासाठी एकाच वयाच्या, एकाच जातीच्या पक्ष्यांच्या सारख्या शेड, एकांत तेल, दुसऱ्यात नाही, आणि महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी लागतात. एकट्या मालकाला हे परवडणारे नाही.

पारख नसलेला बाजार

जेथे विकत घेणाऱ्याला मालाची पारख करता येत नाही, तेथे बाजाराचे काय होते, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या दाखल्याने समजावून दिले, आणि त्याबद्दल २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चांगली आणि वाईट गाडी बाहेरून सारखीच दिसत असेल, तर गिऱ्हाईक मधला भाव देऊ करते. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही, वाईट गाडीचा मालक आनंदाने होतो, आणि हळूहळू बाजारात वाईटच माल उरतो. सुगंधी तेलांच्या बाजाराला हा दाखला तंतोतंत लागू पडतो. ज्याने घटकांचे प्रमाण तपासून, अस्तर देऊन, योग्य मात्रेचे तेल बनवले त्याचा खर्च अधिक. ज्याने स्वस्त तेलात थोडा वास मिसळला त्याचा खर्च कमी. बूच उघडल्यावर दोघांचाही वास येतो. गिऱ्हाइकाला दुसरी कसोटी नसल्यामुळे तो एक तर स्वस्त बाटली घेतो, नाही तर एकदा फसल्यावर सर्वच बाटल्यांना राम राम ठोकतो. दोन्ही वेळा हानी होते ती प्रामाणिक उत्पादकाची. आणि शेडमध्ये साथ आली की मालकाचा हात पुन्हा ओळखीच्या प्रतिजैविकाकडे जातो, कारण तेथे निदान काहीतरी घडताना दिसते.

या मालकाला अज्ञानी म्हणणे अन्यायाचे होईल. तो आपल्या परीने अचूक हिशेब करतो आहे. गेल्या काही वर्षांत त्याचा हिशेब अधिकच आवळला आहे. २०२३ नंतर मक्यापासून इथेनॉल काढण्यास मोठे उत्तेजन मिळाले आणि मक्याच्या बाजारात पोल्ट्रीला एक तगडा प्रतिस्पर्धी मिळाला. कोंबडीचा खुराक मोटारीच्या टाकीशी भाव लावू लागला, तेव्हा एक टक्क्याची भरही मालकाला जड वाटू लागली तर दोष कोणाचा?

पोट एकाचे, ओवा दुसऱ्याला

ज्याचे पोट दुखेल तो ओवा मागेल, अशी आपल्याकडे म्हण आहे. बाजारावर विश्वास असणाऱ्या अर्थशास्त्राचे सारे सार या म्हणीत आले. गरज ज्याची, मागणी त्याची, खर्चही त्याचा. प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र ही म्हणच उलटी होते. येथे पोट दुखते ते एखाद्या जिल्हा रुग्णालयातील रुग्णाचे, ज्याच्या जखमेतील जंतू औषधाला दाद देत नाहीत. ओवा विकत घ्यावा अशी अपेक्षा मात्र शंभर कोसांवरच्या पोल्ट्रीवाल्याकडून. त्याने औषध सोडले त्याचा लाभ साऱ्या समाजाला, आणि तोटा त्याच्या एकट्याच्या वहीत. त्याने सोडले आणि शेजाऱ्याने सोडले नाही, तर दोघांची अंडी बाजारात एकाच भावाने जातात. अंड्याच्या कवचावर कोंबडीने काय खाल्ले हे लिहिलेले नसते.

मग नुसता कायदा करून भागेल काय? नेदरलँड्सचा अनुभव येथे बोलका आहे. २००६ च्या युरोपीय बंदीनंतर वाढीसाठी दिली जाणारी औषधे तेथे थांबली, पण रोगावरील उपचार म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधांचा खप त्याच सुमारास चढा राहिला. पुढल्या दाराने घालवलेले मागल्या दाराने आत आले. शासनाने वापर निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठरवले, प्रत्येक गोठ्याची आणि शेडची औषधनोंद सक्तीची केली, कोणता पशुवैद्यक किती औषध लिहून देतो यावर नजर ठेवली, तेव्हा कोठे २००७ ते २०१२ या काळात विक्री निम्म्याहून खाली आली. बंदीच्या मागे मोजमाप उभे राहिले तेव्हाच ती फळाला आली.

आपल्या येथे नियमांचा अगदीच अभाव आहे असे नाही. कोलिस्टिनवरील बंदी झाली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अंडी, मांस, दूध यांतील प्रतिजैविकांच्या अंशांविषयीचे नियम १ एप्रिल २०२५ पासून अधिक कडक केले. पण देशात २०२३-२४ मध्ये सुमारे १४,२७७ कोटी अंडी निघाली. लाखो शेडमधून येणाऱ्या या प्रचंड राशीतील किती अंडी तपासनिसाच्या टेबलावर जाणार? शिवाय या अंड्याचा खर्च वाढवताना आणखी एक आकडा समोर ठेवावा लागतो. या उत्पादनातून दरडोई वर्षाला अंडी येतात १०३, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे १८० ची. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये शाळकरी मुलांना आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले आणि २०२५ च्या आरंभी त्यासाठीचा निधी काढून घेतला. अंड्यामागचे चार-आठ आणे हा येथे केवळ व्यापाऱ्याच्या नफ्याचा प्रश्न नसतो. त्यावर कोणाच्या ताटात अंडे पडणार आणि कोणाच्या नाही हे ठरते. शुद्ध अंडे श्रीमंतांच्या वसाहतीतील शीतकपाटात आणि औषधी अंडे गरिबाच्या थाळीत, अशी वाटणी झाली तर जंतू ती वाटणी पाळणार नाहीत, हे उघड आहे.

करावयाचे काय?

या साऱ्यातून मार्ग आहे, आणि तो फार खर्चाचाही नाही. पहिली गरज आहे ती निष्पक्ष पारखीची. बाटलीत थायमॉल, कार्व्हॅक्रॉल वा युजेनॉल किती टक्के आहे, ते पोत्यात किती महिने टिकते, हे चिठ्ठीवर छापणे सक्तीचे करावे आणि खोटे लिहिणाऱ्यास दंड व्हावा. सोने विकणाऱ्याला छाप लागते, मग औषधाच्या जागी येऊ पाहणाऱ्या तेलाला का नसावी? भारतीय मानक संस्थेला हे अवघड नाही.

दुसरी गरज आहे ती शेडमधील प्रयोगांची. एका मालकाला जे परवडत नाही ते शंभरांना मिळून परवडते. बरेलीजवळील इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था, नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांच्या देखरेखीखाली जिल्ह्याजिल्ह्यांतील काही पोल्ट्रीवाल्यांनी आपल्या दोन-दोन सारख्या शेड वर्षभर प्रयोगाला दिल्या आणि नोंदी एकत्र केल्या, तर सहासष्ट अंड्यांचा प्रश्न सुटतो. कोणते तेल, कोणत्या ऋतूत, कोणत्या वयाच्या कोंबड्यांत खर्च भरून काढते आणि कोणते काढत नाही, हे मराठीत छापून दर महिन्याच्या अंकात पोल्ट्रीवाल्याच्या हाती पडले पाहिजे. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने ठरवू नये, उत्पादकांनी मिळून ठरवावा, या निर्धाराने डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. भावासाठी जे संघटन जमले ते ज्ञानासाठी जमू नये, असे मानण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट खर्चाच्या वाटणीची. औषध सोडण्याचा लाभ समाजाला होत असेल, तर त्याचा काही भार समाजाने उचलणे न्यायाचे आहे. अंगणवाड्या, शाळा, रुग्णालये, वसतिगृहे यांसाठी शासन जेथे जेथे अंडी घेते, तेथे औषधांच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि तपासणीस तयार असणाऱ्या पोल्ट्रीला प्राधान्य व शेकड्यामागे थोडा अधिक भाव मिळाला, तर उपदेशाने जे होणार नाही ते होईल. या भावासाठी मालकाने तेलच वापरले पाहिजे असे नाही. कोणी तेल वापरील, कोणी पिंजऱ्यातील गर्दी कमी करील, कोणी पाण्याच्या नळ्या स्वच्छ ठेवण्यावर आणि लसीवर पैसा लावील. मार्ग त्याने निवडावा, समाजाने फळ पाहून मोल द्यावे.

कारण शेवटी हे विसरून चालणार नाही की, प्रतिजैविकांनी कोंबडीपालनातील पुष्कळ दोष झाकून ठेवले होते. कोंदट शेड, दाटीवाटी, ओलसर मका, गढूळ पाणी या साऱ्यांवर रोजच्या चिमूटभर औषधाचे पांघरूण होते. ते पांघरूण काढून त्या जागी सुगंधी पांघरूण घातले, तर वास बदलेल, दोष तेथेच राहतील. ओवा देण्यापूर्वी पोट का दुखते हे पाहावे, हे घरातील म्हाताऱ्या माणसांना ठाऊक होते. शेडचे दार उघडून पाहण्याची तयारी असेल तर बाटलीचे बूच उघडण्यास हरकत नाही.